पोटगीचा हिशेब मागणारी कॅरोलाइन नॉर्टन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी एखाद्या थोर बाईचे चरित्र लिहावे, हे आता ठरूनच गेले आहे. आजवर पंडिता रमाबाई झाल्या, आनंदीबाई जोशी झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा मात्र मी सातासमुद्रापलीकडची एक बाई निवडली आहे, आणि त्याला कारण घडले ते आपल्याच आळीत.

गेल्या पावसाळ्यात शेजारची एक मुलगी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तिचे नाव सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. लग्नाला अकरा वर्षे झालेली, पदरात एक मुलगा, आणि आता कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा. तिच्या वकीलबाईंनी तिला एक लांबलचक शपथपत्र भरायला दिले होते. मिळकत, घरखर्च, दागिने, कर्ज, मुलाची फी, सगळे त्यात लिहायचे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, म्हणून हिशेबासाठी ती माझ्याकडे आली. पण कागद उघडण्याआधीच तिने सांगून टाकले की पोटगी मागायची तिची इच्छा नाही. ज्याचे घर सोडले त्याच्यापुढे हात कशाला पसरायचा, असे तिचे म्हणणे. तिचा मानीपणा मला आवडला, पण म्हणणे पटले नाही. मी चहा ठेवला आणि तिला कॅरोलाइन नॉर्टनची हकिकत सांगितली. तीच आज आपल्यापुढे ठेवते.

कॅरोलाइनचा जन्म २२ मार्च १८०८ रोजी लंडनमध्ये झाला. प्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन हे तिचे आजोबा. घराणे नामांकित, पण घरात पैसा नाही. वडील दक्षिण आफ्रिकेत नोकरीवर असताना १८१७ साली वारले. राजकृपेने हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात राहायला जागा मिळाली आणि आईने लेखन करून मुलांना वाढवले. हेलन, कॅरोलाइन आणि जॉर्जियाना या तिघी बहिणींच्या रूपाचा लंडनभर बोलबाला होता. पण हुंड्याला पैसे नाहीत म्हटल्यावर रूप किती पुरणार? जॉर्ज नॉर्टन नावाच्या एका बॅरिस्टराने मागणी घातली. तो लॉर्ड ग्रँटली यांचा धाकटा भाऊ आणि पार्लमेंटचा सभासद. स्थळ चांगले दिसले, आणि ३० जुलै १८२७ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॅरोलाइनचे लग्न झाले.

स्थळ चांगले दिसले, एवढेच खरे. जॉर्जची वकिली चालत नव्हती आणि स्वभाव तापट होता. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच त्याने बायकोवर हात उगारला. कॅरोलाइनच्या हाती लेखणी होती. १८२९ साली तिच्या कवितांचे पहिले पुस्तक निघाले आणि थोरल्या मुलाच्या जन्माचा खर्च त्याच पैशातून भागला. पुढे ती मासिकांची संपादिका झाली. घर मुख्यतः तिच्या कमाईवर चाले. नवऱ्याला चांगली नोकरी लागावी म्हणून तिने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याकडे शब्द टाकला, आणि १८३१ साली जॉर्जला वर्षाला हजार पौंडांची मॅजिस्ट्रेटची जागा मिळाली. मेलबर्नसाहेबांचे तिच्या घरी येणेजाणे होऊ लागले, ते जॉर्जला पूर्ण ठाऊक होते. तोवर जॉर्जला त्यात काही वावगे दिसले नाही.

इथे त्या काळचा विलायतेचा कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमगणार नाही. लग्न झाले की पती आणि पत्नी ही कायद्याच्या लेखी एकच व्यक्ती होत, आणि ती एक व्यक्ती म्हणजे पती. बायकोची कमाई नवऱ्याची, तिचे कपडेलत्तेही नवऱ्याचे, आणि मुले तर नवऱ्याचीच. ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नसे आणि दावाही लावू शकत नसे.

१८३६ साली ईस्टरच्या सुमारास कॅरोलाइन बहिणीकडे गेली असता जॉर्जने तिन्ही मुलांना घरातून हलवले. थोरला सात वर्षांचाही झाला नव्हता, धाकटा तर दोन-अडीच वर्षांचा. मग जॉर्जने दावा लावला तो बायकोवर नव्हे, तर मेलबर्न यांच्यावर, आणि मेलबर्न तेव्हा पंतप्रधान होते. आपल्या पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याबद्दल त्याने दहा हजार पौंडांची भरपाई मागितली. २२ जून १८३६ रोजी खटला चालला. जिच्या अब्रूचा पंचनामा चालला होता त्या कॅरोलाइनला त्या कोर्टात स्थान नव्हते. ती पक्षकार नव्हती, साक्षही देऊ शकत नव्हती. ज्यूरीने जागचे न उठता मेलबर्न यांना निर्दोष ठरवले.

वाटेल की बाईची सुटका झाली. झाले उलटेच. व्यभिचार शाबीत झाला नाही म्हणून जॉर्जला घटस्फोट मिळेना. मारहाण सोसूनही ती मध्यंतरी नवऱ्याकडे परतली होती. त्यामुळे तिने ते सारे माफ केले असे कायदा धरून चालला, आणि तिलाही धर्मन्यायालयातून फारकत मिळेना. ही धर्मन्यायालये चर्चची असत. फारकत मिळाली तर नवऱ्याच्या उत्पन्नाच्या काही हिश्श्याची पोटगी तीच ठरवून देत. फारकतच नाही, तर पोटगी कोठली? अशा रीतीने कॅरोलाइन ना सासरची ना सुटलेली, अशी अधांतरी राहिली.

तिचे पहिले भांडण पैशाचे नव्हते, मुलांचे होते. मुलांना स्कॉटलंडात नेऊन ठेवले होते आणि आईला भेटीची परवानगी नव्हती. तिने पत्रके लिहिली, स्वखर्चाने छापली, पार्लमेंटच्या सभासदांना वाटली. टालफोर्ड नावाच्या वकील सभासदाने तिची बाजू घेऊन विधेयक आणले, आणि १८३९ साली कायदा झाला. जिच्या चारित्र्यावर ठपका नाही अशा आईला सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांच्या भेटी कोर्टाकडे मागता येऊ लागल्या. आईचा हक्क विलायतेच्या कायद्यात असा पहिल्यांदा लिहिला गेला. पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि तिची मुले तिथेच होती! १८४२ साली धाकटा विल्यम तट्टावरून पडला, जखम चिघळली आणि तो गेला. निरोप पोहोचून आई तिथवर गेली तेव्हा सारे आटोपले होते. त्यानंतर कुठे जॉर्जने उरलेल्या दोघांना आईकडे राहू दिले.

आता पोटगीचे प्रकरण. वेगळ्या राहणाऱ्या बायकोला नवऱ्याने किती द्यायचे, हे सर्वस्वी जॉर्जच्या मर्जीवर होते. कधी तो देई, कधी हात आखडे. तिच्या कर्जाला आपण जबाबदार नाही अशी जाहिरातसुद्धा त्याने वर्तमानपत्रात दिली होती. तिला दावा लावता येत नव्हता. दुकानदारांचे पैसे थकले की ते जॉर्जवर फिर्याद करीत, हाच काय तो मार्ग. १८४८ साली जॉर्जला पैशांची नड लागली. लग्नाच्या वेळी बांधून ठेवलेल्या ठेवीवर कर्ज काढायला त्याला बायकोची संमती हवी होती. कॅरोलाइनने सही दिली आणि बदल्यात लेखी करार करून घेतला की नवऱ्याने तिला वर्षाला पाचशे पौंड द्यावे. कागद झाला, सह्या झाल्या. तिला वाटले, आता निश्चिंत झालो.

१८५१ साली तिची आई वारली. जावई हात लावू शकणार नाही अशा बेताने आईने लेकीला वर्षाकाठी चारशेऐंशी पौंड ठेवले होते. हे कळताच जॉर्जला वाटले, हिला आता माझे पैसे कशाला? पुढे कराराचे पैसे बंद झाले. गाडी दुरुस्त करणाऱ्याचे बिल थकले, त्याने जॉर्जवर दावा केला आणि ऑगस्ट १८५३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात सुनावणी झाली. जॉर्जने बायकोचे बँकेतले खाते उघड करविले, तिच्या प्रकाशकांनाही समन्स धाडले आणि सतरा वर्षांपूर्वीचे मेलबर्न प्रकरण भर कोर्टात पुन्हा उकरून काढले. दावा एका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला गेला. पण त्यातून निघालेली गोष्ट फार मोठी होती. पती आणि पत्नी एकच व्यक्ती, आणि माणूस स्वतःशी करार करू शकत नाही. म्हणून १८४८ चा तो कागद कोरा कागदच ठरला.

माझ्या मते कॅरोलाइनच्या आयुष्यातला सर्वात महत्त्वाचा दिवस हाच. तिने काही खैरात मागितली नव्हती. तिने संमती दिली, त्याचा मोबदला ठरला होता. चालते घर तिने आपल्या लेखणीवर उभे केले होते, नवऱ्याची नोकरीसुद्धा तिच्याच शब्दाने लागली होती. तरी तिचे पैसे त्याच्या लहरीवर, कारण हिशेब करणारा तिसरा त्रयस्थ कोणी नव्हता.

तिने पुन्हा लेखणी उचलली. १८५४ साली स्त्रियांविषयीच्या इंग्रजी कायद्यांवर एक पुस्तिका आणि १८५५ साली थेट व्हिक्टोरिया राणीला उद्देशून एक जाहीर पत्र तिने प्रसिद्ध केले. ज्या देशाच्या कायद्यांवर एका स्त्रीची सही होते, त्याच देशात लग्न झालेल्या स्त्रीच्या सहीला किंमत नाही, हा विरोधाभास तिने त्यात दाखवून दिला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्त्रीपुरुष समान आहेत असे कॅरोलाइन म्हणत नव्हती. उलट तसे आपले मत नाही असे तिने लिहून ठेवले आहे. तिची मागणी रक्षणाची होती. त्याच सुमारास बार्बरा ली स्मिथ आणि त्यांच्या मैत्रिणी विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी हजारो सह्या गोळा करीत होत्या. त्यांची वाट निराळी, पण धडक एकाच भिंतीवर बसत होती.

१८५७ साली विलायतेत विवाहविषयक कायदा मंजूर झाला आणि पुढच्या वर्षापासून घटस्फोटाचे साधे दिवाणी न्यायालय सुरू झाले. त्यातल्या काही कलमांवर कॅरोलाइनच्या लिखाणाचा ठसा आहे असे इतिहासकार मानतात. टाकलेल्या बायकोची कमाई नवऱ्यापासून सुरक्षित झाली. फारकत घेतलेली बाई स्वतःच्या नावाने करार आणि दावा करू लागली. घटस्फोटानंतर बायकोची तजवीज करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. रक्कम ठरवताना न्यायाधीशाने तीन गोष्टी पाहाव्यात असे कायद्याने सांगितले: बायकोची स्वतःची मिळकत काय आहे, नवऱ्याची ऐपत काय आहे, आणि दोघांची वर्तणूक कशी होती. कायदा काही निर्दोष नव्हता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की पुरे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरपणा वा सोडून जाणे असे आणखी काही शाबीत करावे लागे. नुसत्या पगारावर असणाऱ्या नवऱ्याकडून दरमहा पोटगी घेण्याची सोय व्हायला तर १८६६ साल उजाडले.

भगिनींनो, या तीन गोष्टी मी मुद्दाम मोजून सांगितल्या, कारण त्या पुढे बोटीत बसून आपल्याकडे आल्या. इंग्रज सरकारने १८६९ साली इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा केला, त्यात त्या आल्या. हिंदूंसाठी मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला, आणि १९५५ साली सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या पंचविसाव्या कलमात कायमच्या पोटगीची तरतूद आहे. तिथेही न्यायाधीशाने पाहायचे ते हेच: मागणाराची मिळकत, देणाराची मिळकत आणि दोघांची वर्तणूक. १९७६ साली त्यात प्रकरणातील इतर परिस्थितीची भर पडली. आपला कायदा एका बाबतीत पुढे गेला आहे; तिथे गरजू नवराही पोटगी मागू शकतो. दावा चालू असतानाच्या खर्चासाठी चोविसावे कलम आहे. शिवाय कोणत्याही धर्माच्या, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीला फौजदारी प्रक्रियेखाली मॅजिस्ट्रेटकडे किंवा कुटुंब न्यायालयात दाद मागता येते. पूर्वी ते एकशे पंचविसावे कलम होते, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत एकशे चव्वेचाळिसावे झाले आहे. घटस्फोट झालेली बाईही, पुन्हा लग्न करीपर्यंत, त्यात येते.

मग रक्कम ठरते कशी? पुष्कळजणी मला एखादे सूत्र विचारतात. गणिताची शिक्षिका म्हणून मलाही सूत्र आवडले असते, पण ते नाही. निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा हा आकडा २०१७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे लोकांच्या तोंडी बसला आहे, पण तो प्रत्येक प्रकरणाला लागू पडणारा नियम नव्हे. न्यायालय दोघांचे राहणीमान पाहते, वय, शिक्षण, प्रकृती पाहते, लग्न किती वर्षे टिकले, मुले कोणाकडे आहेत, नवऱ्यावर आणखी कोणाचा भार आहे हे पाहते. घरासाठी आणि मुलांसाठी बाईने नोकरी सोडली असेल तर तेही पाहते. बाई थोडेफार कमावते एवढ्याने तिचा हक्क बुडत नाही, आणि धडधाकट नवऱ्याने नोकरी नाही म्हटल्याने त्याची जबाबदारी टळत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यावीत, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून द्यावी. शेजारच्या मुलीच्या पिशवीतला कागद तो हाच.

हा कागद पाहून मला वेस्टमिन्स्टरचे ते कोर्ट आठवले. तिथे बायकोच्या बँकेच्या खात्याचे जाहीर वाचन झाले आणि नवऱ्याने केलेल्या कराराला मात्र कोणी विचारले नाही. आज दोघांचीही खाती एकाच टेबलावर येतात. एवढ्यासाठी पाऊणदोनशे वर्षे गेली.

कॅरोलाइनला स्वतःला काय मिळाले? घटस्फोट कधीच मिळाला नाही. थोरला मुलगा १८५९ साली पॅरिसमध्ये क्षयाने गेला. जॉर्ज १८७५ साली वारला तेव्हा कुठे ती मोकळी झाली. १ मार्च १८७७ रोजी, एकोणसत्तरावे वर्ष पुरे होत असताना, तिने सर विल्यम स्टर्लिंग मॅक्सवेल या जुन्या स्नेह्याशी लग्न केले, आणि १५ जून रोजी, साडेतीन महिन्यांतच, तिचे निधन झाले. विलायतेच्या वरिष्ठ सभागृहात डॅनियल मॅक्लिस या चित्रकाराने न्यायदेवतेचे भित्तिचित्र काढले आहे, त्यात देवतेचा चेहरा कॅरोलाइनचा आहे. जिला न्याय मिळाला नाही, तिचाच चेहरा न्यायदेवतेला!

तिचा आपल्या देशाशी एक धागाही आहे. तिची थोरली बहीण हेलन हिचे चिरंजीव लॉर्ड डफरीन १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी ज्यांच्या नावाचा फंड निघाला त्या लेडी डफरीन या त्यांच्या पत्नी. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत आपल्या रखमाबाईंचा खटला गाजत होता. तो १८८८ साली तडजोडीने मिटला, तेव्हा दोन हजार रुपये मोजावे लागले ते रखमाबाईंना, नवऱ्याला द्यायला! मावशीने विलायतेत जी भिंत हलवली, ती इथे भाच्याच्या कारकिर्दीत तशीच उभी होती.

शेजारच्या त्या मुलीने हकिकत ऐकून घेतली आणि काही न बोलता घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन परत आली. आम्ही तीन संध्याकाळी बसून शपथपत्र भरले. मुलगा झाल्यावर सोडलेली नोकरी तिने लिहिलीच नव्हती. ती लिहायला लावली. स्वतःची शिवणकामाची मिळकत ती कमी दाखवू पाहत होती. तीही खरी लिहायला लावली, कारण शपथेवर खोटे लिहिणारी बाई आपल्याच हाताने आपली बाजू लंगडी करते. निकाल अजून लागायचा आहे. जी काही रक्कम ठरेल ती त्रयस्थाने, कागद पाहून ठरवलेली असेल, आणि ती घेताना तिला मान खाली घालावी लागणार नाही. नवऱ्याने मर्जीने टाकले तर ते दान. न्यायालयाने मोजून दिले तर तो हिशेब. हा फरक तिला कळला, एवढ्याने माझे काम झाले.

मंडळातल्या सर्वजणींना माझे दोन शब्द. परस्परसंमतीने वेगळे व्हायचे ठरले तरी तोंडी वचनावर किंवा घरगुती कागदावर विसंबू नका. रक्कम, तारीख, मुलांचा खर्च हे सारे न्यायालयापुढच्या संमतिपत्रात लिहून त्यावर हुकूम घ्या. पासबुके, पावत्या, पगाराचे कागद जपून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मागण्याचा हक्क आहे. आणि हिशेबात अडलात तर माझे दार उघडे आहे. चहा मी ठेवीन, कागद तेवढे घेऊन या.